गाठीच्या खाली

२९ नोव्हेंबर

ताई,

तुमचं पत्र सोमवारी आलं. उत्तराला पाच दिवस लागले, रागावू नका. घर इतकं रिकामं झालंय की वेळ भरपूर असूनही कशाला हात लागत नाही. सहा वर्षं दर दोन तासांनी आईंची कूस बदलायची सवय. अजून दुपारचे चार वाजले की मी हातातलं टाकून उठते, त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाते आणि मग आठवतं.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही ते एका परीने बरंच आहे. पत्रात माणूस विचार करून बोलतो.

तुम्ही लिहिलंत, "मला कपाट नको, भांडी नकोत. आईच्या गुलाबाची फक्त एक फांदी दे, ती मी इथे खोलीसमोरच्या वाफ्यात लावीन." वाचून बरं वाटलं. कपाटाच्या फळ्या तुमच्या भावाने आधीच सोडवून वापरायला घेतल्यात, त्यामुळे तोही प्रश्न उरला नव्हता.

फांदी देईन. फक्त आत्ता नाही. या दिवसांत ती रुजणार नाही. फेब्रुवारीत मुळं धरलेले फुटवेच पाठवते. हा गुलाब काय आहे ते मला माहीत आहे. तुमच्या आजींच्या अंगणातला. आईंनी जंगली गुलाबाचा खुंट लावला, आजींच्या झाडाचा डोळा काढून त्यावर कलम म्हणून भरला, सुतळीने बांधला आणि वाढवला. आजींचं घर पाडून तिथे गोदाम झालं. म्हणजे आता जगात हे एकच झाड. तेव्हा घाई करून चालायचं नाही.

सोबत एक डबी पाठवतेय. जास्वंदीच्या लाकडाची आहे. आश्चर्य वाटलं ना? आईंची घंटा ऐकू यावी म्हणून मी दिवसभर त्यांच्या खोलीबाहेरच्या पडवीत बसायचे. तुमच्या भावाने पलंगाचे पाय कातायचं त्याचं जुनं लेथ मशीन तिथे आणून ठेवलं. म्हणाला, बसल्या बसल्या काहीतरी कर. पलंगाच्या पायांचं चांगलं लाकूड माझ्या हाती कोण देणार? मग बागेत छाटलेलं जे पडायचं तेच मी मशीनवर चढवायला लागले. जास्वंद, डाळिंब, मेंदी, घाणेरीसुद्धा. बोगनवेलीने मला फार रडवलं. वाळली की तिच्या खोडाचे थर कांद्यासारखे सुटतात. तुमचा भाऊ मला काटक्यांची राणी म्हणतो. एक गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, पुढच्या वेळी कोथिंबिरीच्या काड्या आणून देऊ का?"

डबीचं झाकण सैल आहे. जास्वंद वाळताना लंबगोल होते, तिला कोणी समजावू शकत नाही.

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

ताई,

सोबत तीन फुटवे. शब्द दिला होता तो पाळला.

ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेत. वरून तुमच्या भावाने पुठ्ठ्याची नळी केलीय, टेबलाचे पाय पाठवताना करतो तशी. म्हणाला, "ताईला वाटेल आपण पलंगच पाठवला." आल्याबरोबर पाण्यात ठेवा. तासाभराने लावा. खड्डा कोपरभर खोल हवा. मुळं पसरून बसवा, घडी घालू नका. पहिला महिना ऊन फक्त सकाळचं. तीनपैकी एक तरी नक्की धरेल. माझा अंदाज आहे तिन्ही धरतील, फुटवे चांगले जोमदार आहेत.

फुलाची घाई करू नका. अशा झाडाला दोन वर्षं लागतात, कधी तिसरंही उजाडतं. तोवर नुसता पाला येईल. धीर सोडायचा नाही.

आई मला म्हणायच्या, तुझा हात कोरडा आहे, तू लावलेलं जगत नाही. म्हणून मी या झाडाला कधी पाणीसुद्धा घातलं नाही. खुर्ची बाहेर आणून त्यांना बसवायचे आणि झारी त्यांच्या हातात द्यायचे. हात उचलेना तेव्हा खालून धरायचे. पण धार त्यांचीच. तुमचा हात आईंसारखाच असणार.

वहिनी


२० फेब्रुवारी
(हे पाठवणार नाही. पटाश्यांच्या खणात राहील.)

ताई,

काल पाठवले ते फुटवे आईंच्या गुलाबाचे नाहीत.

झाड मी कापलं. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही निघालात, चौथ्या दिवशी सकाळी मी कापलं. तुमचा भाऊ माल पोचवायला गेला होता. परत आल्यावर त्याला सांगितलं, आईंच्या मागोमाग झाडही वाळलं, बुंध्यापाशी थोडी धुगधुगी आहे. त्याने मान हलवली. त्याला लाकूड कळतं, झाड कळत नाही.

निघताना तुम्ही दारात उभ्या होतात. जखमा बांधायला यायची ती नर्स होती, शेजारच्या दोघी होत्या. तुम्ही म्हणालात, "पाठीवर एवढ्या जखमा? खोलीला हा वास? सहा वर्षं ही नुसती काटक्या कातत बसली होती का?" हे मला विचारलं नाहीत. नर्सला विचारलंत. तुमचा भाऊ वाकून बुटाची नाडी बांधत राहिला. इतका वेळ कोणाच्याच बुटाला लागत नाही.

सहा वर्षांत तुम्ही दोनदा आलात. दोन्ही वेळा दोन दिवस. त्या चार दिवसांत आईंनी मला हाक मारली नाही. तुम्ही गेल्यावर मारली, तीही "ताईला गाडीत जागा मिळाली का बघ" हे सांगायला.

मी करवत घेऊन बागेत गेले तेव्हा मनात नुसता राग होता असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. रागाच्या शेजारी हाव होती. गुलाबाचं खोड माझ्या मनगटाएवढं झालं होतं. आणि जिथे आईंनी डोळा भरला होता तिथे मुठीएवढी गाठ. दोन झाडं जिथे एकमेकांत शिरतात तिथे लाकूड वळसे घेतं, भोवरे होतात. असं लाकूड कातणाऱ्याला जन्मात एकदा मिळतं. गाठीच्या वर कापलं असतं तर आईंचा गुलाब पुन्हा फुटला असता. मला हे माहीत होतं. मी गुडघ्यावर बसले, माती बाजूला केली आणि गाठीच्या खाली करवत लावली. गाठीच्या खाली उरतो तो नुसता जंगली खुंट.

अजून एक सांगायचंय. तुमचं पत्र आलं तेव्हा कापलेल्या फांद्या बादलीत पाण्यात उभ्या होत्या. डोळे हिरवे होते. कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्याने अर्ध्या तासात त्या खुंटावर पुन्हा डोळा भरून दिला असता. मी बादलीतलं पाणी ओतून टाकलं, फांद्या उन्हात पसरल्या. तुम्हाला उत्तर लिहायला पाच दिवस लागले ते घर रिकामं झालं म्हणून नाही. डोळे काळे पडायची वाट बघत होते.

खुंटाला पुढे फुटवे आले. नर्सरीवाल्याला विचारून घेतलं. एका देठाला पानं सात-सात येतील, काटे बारीक आणि दाट. तिसऱ्या वर्षी फूल. पांढरं, पाच पाकळ्यांचं, वास नसलेलं.

तीन वर्षं तुम्ही कोणाची तरी सेवा कराल. पाणी घालाल, ऊन लागतंय का बघाल, रात्री उठून पाऊस लागत नाही ना पाहाल. आणि शेवटी ते तुमचं नसेल. हे कसं असतं ते मला कोणाला तरी दाखवायचं होतं.

कण्हेरीचा चमचा करून पाठवावा असंही एकदा मनात आलं होतं. कण्हेरीच्या लाकडाचा भुसासुद्धा विषारी असतो. चमचा केला नाही. एवढं तरी लिहून ठेवते.


८ जुलै

ताई,

तिन्ही फुटवे धरले! मी म्हटलंच होतं.

तुम्ही विचारता, "पानं सात-सात का आहेत गं? मला आठवतं तसं आईच्या गुलाबाला पाच असायची. आणि काटे किती! हातमोजे घातले तरी बोचतात." तुमची नजर अजून तेज आहे. माती बदलली की पहिली एक-दोन वर्षं असं होतं. झाड घाबरलेलं असतं. काटे जास्त आले म्हणजे झाड स्वतःला सांभाळतंय. रुळलं की पानं पाचावर येतील. नाही आली तरी फिकीर करू नका. पाणी, हवा वेगळी असली की रंगातही फरक पडतो म्हणतात.

तिन्हींतलं सगळ्यात जोरकस एक ठेवा, बाकीची दोन काढा. तुमचा जीव होणार नाही, पण काढावीच लागतात.

पाकळ्यांची आठवण काढलीत. हो, पाकिटं मीच चिकटवायचे. बहराच्या दिवसांत आई रोज सकाळी उमललेलं फूल आणायला सांगायच्या. मांडीवर कागद पसरून पाकळ्या मोजून ठेवायच्या, वाळल्या की तुमच्याकडे रवाना. मी सगळी वर्षं पत्ता लिहिला, म्हणून तो मला पाठ आहे. एकदा मी एक पाकळी मागितली. "तुला कशाला? तुझ्या दाराशीच तर आहे." बरोबरच होतं त्यांचं. झाड माझ्या दाराशीच होतं.

तुम्ही लिहिलंत की त्या पाकळ्या तुम्ही कधी ठेवल्या नाहीत, पाकीट उघडलं की तो वास घ्यायचा आणि टाकून द्यायच्या. हे आईंना माहीत नव्हतं तेच चांगलं झालं.

वहिनी


३ मार्च

ताई,

दोन वर्षांत झाड छातीपर्यंत आलं हे वाचून तुमच्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, "ताईने नेमाने काही केल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय." चेष्टेत म्हणाला, मनावर घेऊ नका.

पत्राचं दुसरं पान मी तीन वेळा वाचलं. "त्या दिवशी दारात मी बोलले ते बोलायला नको होतं. आईसाठी मी काहीच केलं नव्हतं, त्याचा मला राग आला होता आणि समोर तू सापडलीस. आता एका झाडाला रोज वेळेवर पाणी घालायचं म्हणजे काय ते कळतंय, आणि तू तर माणूस सांभाळलंस. मला माफ कर."

ताई, ते मी केव्हाच विसरले. कोण कधी काय बोललं याचा हिशोब ठेवणारी मी नव्हे.

तुमच्या मुलाबद्दल. त्याने सातव्या मजल्यावर तीन खोल्यांची जागा घेतली, त्यातली एक तुमच्यासाठी ठेवली, हे किती चांगलं आहे. "आई, आत्ताच ये, नाहीतर एवढी जागा ठेवणं मला झेपणार नाही" असं तो म्हणतो, आणि तुम्ही मला विचारता, "तू सांग, काय करू? झाड सोडून जाववत नाही."

मी कोण सांगणारी? पण विचारलंत म्हणून. सातव्या मजल्यावर माती नाही. कुंडीत घातलंत तर मुळं दुखावतील आणि दोन वर्षांची मेहनत वाया जाईल. फूल यायला फार तर एक वर्ष उरलंय. आईंचं फूल एकदा डोळ्यांनी बघा, मग खुशाल जा. मुलगा कुठे पळून जातोय? आपलीच मुलं असतात, थोडं थांबवलं तर थांबतात.

मी तुमच्या जागी असते तर थांबले असते.

वहिनी


३० ऑक्टोबर
(हेही खणात.)

ताई,

आज तुमच्या भावाला कळलं.

आमच्याकडे रीत आहे, कुठलंही लाकूड वाळायला ठेवताना टोकाला मेण लावायचं आणि कापल्याची तारीख पेन्सिलने लिहायची. त्याने लावलेली शिस्त. राग असो की काही असो, माझ्या हातून ती सुटली नाही. गुलाबाचं खोड मी भुश्याच्या पेटीत, पोत्याखाली ठेवलं होतं. तीन वर्षं होत आली. भुसा काढायला तो पेटीत वाकला आणि खोड घेऊन वर आला.

"१२ नोव्हेंबर," त्याने वाचलं. "हे आईचं झाड ना? तू तर म्हणालीस वाळलं."

"वाळलंच आहे."

"ताई अकरा तारखेला गेली. म्हणजे मी माल पोचवायला गेलो त्या दिवशी कापलंस."

"हो."

"मग ताईकडे जे आहे ते काय आहे?"

मी सांगितलं. तो स्टुलावर बसला. मला वाटलं आता काहीतरी होईल. हात उचलील, निदान आवाज तरी चढवील. मी त्याची वाट बघत होते हे आत्ता लिहिताना कळतंय. त्याने खोड उजेडाकडे धरलं, अंगठ्याने मेण खरवडलं, गाठीवरून बोट फिरवलं. बराच वेळ.

"तडा नाही," तो म्हणाला. "गुलाब असून कुठेच तडा नाही. एवढी गाठ, आणि मधे फाटली नाही."

"सावकाश वाळवलं."

"तेच." मग म्हणाला, "ताईला सांगू नकोस."

बास, एवढंच. तुमचा भाऊ आणि आईंचा मुलगा. दुपारी त्यानेच पटाश्यांना धार लावून दिली.

मी आज कातायला घेतलं. ताई, आतून खुंटाचं लाकूड पिवळट निघालं, आईंच्या गुलाबाचं विटकरी. दोन्ही कुठे एक झाली ती रेघ सापडत नाही. इकडून तिकडे शिरलेलं, वळलेलं, परत आलेलं. सालीचा एक काळा तुकडा आत अडकला होता, बहुतेक आईंनी बांधलेल्या सुतळीच्या वळाखालचा. इतका सुंदर तुकडा माझ्या हाताखाली पुन्हा येणार नाही. सहा वर्षांत आणि नंतरच्या तीन वर्षांत मी पहिल्यांदा गुणगुणले. आपला आवाज ऐकून दचकले.

मला लाज वाटायला हवी होती. मी तिची बराच वेळ वाट पाहिली, मग पॉलिश करायला घेतलं.


११ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र तुमच्या भावाने मोठ्याने वाचलं. मीच वाचायला लावलं.

"फूल आलं गं! पांढरं आहे. पाचच पाकळ्या. शेजारीण म्हणाली, हे तर रानटी दिसतंय. मी तिला म्हटलं, पाणी-हवा बदलली की रंग बदलतो, माझ्या वहिनीने आधीच सांगितलंय. नाक लावलं आणि काय सांगू, आई! तिच्या उशीला यायचा तोच वास. मी तशीच मातीत बसले आणि पोटभर रडले. तिचा शेवट माझ्या हातून निसटला होता ना, तो आज मिळाला. आता मी मोकळी झाले. मुलाला कळवलंय, येते म्हणून. ही खोली महिनाअखेरीस सोडतेय, मालकाला तिथे गाडी ठेवायला जागा हवीच होती. वहिनी, हे सगळं तुझ्यामुळे."

ताई, त्या फुलाला वास नसतो.

ते आईंचं नाही. ज्या जंगली खुंटावर आईंनी आपला गुलाब चढवला होता त्या खुंटाचं आहे. आईंचा गुलाब मी तुम्ही गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी कापला, गाठीच्या खाली, म्हणजे तो पुन्हा फुटणार नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा तो वाचवता आला असता. मी वाचवला नाही. पानांबद्दल तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. माफी मागितलीत तेव्हा खरं सांगता आलं असतं. त्याऐवजी मुलाकडे जाऊ नका, थांबा, असं सांगितलं. शेजारीण बरोबर म्हणतेय.

तुम्हाला वाटेल, मन खातंय म्हणून कबुली देतेय. तसं नाही. मी पत्र लिहायला बसले तेव्हा तुमचा भाऊ म्हणाला, "आता कशाला सांगतेस? सुखात आहे ती."

मी म्हटलं, "म्हणूनच."

तो उठून बागेत गेला.

मी तीन वर्षं या पत्राची वाट पाहिली. फूल येईल, तुम्ही बघाल, आपली सेवा कुठे गेली ते तुम्हाला कळेल, आणि मला न सांगताच माझं सगळं कळेल. आणि तुम्हाला आईचा वास आला. मी सहा वर्षं त्यांना पुसलं, चोळलं, उचललं, मला त्या खोलीत एकच वास यायचा, तो तुम्ही दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलात. तुम्ही एका रानटी फुलाला नाक लावलं आणि तुम्हाला उशी आठवली. मग माझ्या हाती काय आलं? ते सुख तुमच्यापाशी राहू द्यावं एवढं मन मोठं करून पाहिलं. दोन दिवस पाहिलं. झालं नाही.

सोबत डबी आहे. ही आईंच्या गुलाबाची, खरीखुरी. झाकणावर गाठ घेतलीय. विटकरी दिसतं तेवढा तुमच्या आजींचा गुलाब. जगात आता तो एवढाच. वास पाहू नका, पॉलिशचा येईल.

वहिनी


२४ जून

ताई,

भाच्याचं पत्र आलं. तुमच्या हातांबद्दल वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. झाड उपटायचंच होतं तर कुदळ घ्यायची, निदान हातमोजे तरी. नुसत्या हातांनी तीन वर्षांचा गुलाब मुळापासून कोणी ओढतं का? काटे आत मोडले, जखमा चिघळल्या, आता दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. डॉक्टर म्हणतात तीन महिने, कदाचित जास्त. डाव्या हाताची बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते सांगत नाहीत.

त्याने बाकीचंही लिहिलंय. तुम्ही वर्षभर "फूल आलं की येते" म्हणत राहिलात, तेवढ्यात त्याने मोठी जागा सोडली. आता तो ज्या नोकरीवर निघालाय तिथे कंपनी एका माणसाला एक खोली देते. मालकाने तुमच्या वाफ्यावर सिमेंट ओतलं. दवाखान्यातून सुटल्यापासून दोन आठवडे तुम्ही त्याच्या मित्राच्या बाहेरच्या खोलीत, बॅगांच्या मधे झोपताय.

शेवटी लिहितो, "मामी, तुमच्या दोघींत काय झालंय मला माहीत नाही, आई बोलत नाही. एवढंच म्हणते, कुठेही ठेव, रस्त्यावर ठेव, पण मामाकडे नको. पण माझ्यापुढे दुसरा रस्ताच नाही. काही महिने ठेवून घ्याल का?"

मी त्याच दिवशी हो कळवलं. घरचं माणूस घरी येणार, त्यात विचारायचं काय? बिचारा फोनवर रडला. म्हणाला, "मामी, तू देवमाणूस आहेस." तुमचा भाऊ शनिवारी सकाळी गाडी घेऊन येईल. त्याच्याशी भांडू नका. तो काही म्हणणार नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. तुम्हाला तो माहीत आहे.

खोली झाडून घेतली, भिंतीला रंग दिला. पलंग मधोमध ठेवलाय, म्हणजे दोन्ही बाजूंनी उचलता येतं. जेवण, केस, बटणं, बाकीचं सगळंच आता दुसऱ्याच्या हातून करून घ्यावं लागेल. पहिले पंधरा दिवस माणसाला शरम वाटते, मग तीही जाते. मला सवय आहे, तुम्हाला होईल. नर्स लावायची नाही असं ठरवलंय, बाहेरच्या माणसाला घरातलं दिसायला नको.

मी तुमच्याशी कशी वागेन, याची तुम्हाला भीती वाटत असेल. मलाही सांगता येत नाही. आईंशी मी सहा वर्षं कधी आवाज चढवून बोलले नाही, एवढं खरं आहे. आणि आज सकाळी तुमच्या उशीला अभ्रा घालताना मी तो दोनदा काढून पुन्हा घातला, सुरकुती राहू नये म्हणून, हेही खरं आहे. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. तुमच्यापाशी वेळ असेल.

आता पत्रं लिहायला लागणार नाहीत, हे एक बरं झालं.

खोलीच्या दाराला आतून कडी नाही, आईंच्या पहिल्याच वर्षी काढून टाकली होती. दार नुसतं लोटून घ्यायचं. काही लागलं तर हाक मारा, मी बाहेरच असेन. मशीन चालू असलं तर मला ऐकू येत नाही, तेवढं थांबावं लागेल.

वहिनी